बा कामावर हाय

आजी, परवा तुझं तेरावं झालं. पंगती उठल्यावर मी ओटीवर बायकांत बसले होते, तेव्हा मंगलने मला नुसत्या मानेने आत बोलावलं. तुझी ही नातसून कधी हाक मारत नाही, तुला माहीतच आहे. चुलीपाशी उभं राहून तिने मला एक गोष्ट सांगितली आणि मग एक प्रश्न विचारला. प्रश्नाचं उत्तर मी तिथेच दिलं. गोष्ट मात्र बरोबर घेऊन बावधनला आले, आणि तेव्हापासून घरात कुणाशी धड बोलता येत नाहीये. मला बोलायला आधी लिहावं लागतं. तू म्हणायचीस, "बाईच्या त्वांडात कमी, बोटात जास्त."

म्हणून लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं याचा मनातल्या मनात आधार घेऊन लिहिते आहे, हीसुद्धा तशी लाजेचीच गोष्ट.

तुला मी ‘तू’ म्हणते ते तुझ्याच हुकमाने. पहिल्यांदा तुझ्या घरी आले तेव्हा ‘तुम्ही’ म्हणाले होते, तर तू म्हणालीस, "मला तुमी-तुमी काय करती? मी काय तलाठी हाय?" त्या दिवशी अहेव नवमी होती. नवऱ्याच्या आधी, कपाळावर कुंकू घेऊन गेलेल्या बाईच्या नावाने भाद्रपदात एका सवाष्णीला जेवू घालतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आमच्या लातूरच्या घरी कुणी पाळत नसे. तुझा नातू दत्ता आमच्या शाळेची बस चालवतो. आदल्या दिवशी कोळवणच्या वळणावर बस थांबवून तो म्हणाला, "बाई, उद्या घरी येक सवाष्ण कमी पडतीया. गावातल्या समद्या बायका बुक हायेत." मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर वाचलेलं प्रत्यक्ष बघायला मिळेल म्हणून हो म्हटलं. तुझ्याकडे मी आले ती बघायला. पुढे जे झालं त्याचं मूळ बहुतेक तिथेच असावं.

तू माझे हात उलटेपालटे करून पाहिलेस. एका हातात घड्याळ, दुसरा मोकळा. "नवरा हाय ना नक्की?" म्हणालीस. मी म्हटलं, आहे, हिंजवडीला कंपनीत असतो. "मंग हाये म्हनायचा," असं म्हणून तू हिरव्या बांगड्या चढवल्यास. मनगट दाबताना मी कळवळले, तर सगळ्या बायका हसल्या. मग पाटावर बसवून वाढलंस: तांदळाची खीर, वडे, अळूचं फदफदं, गवार, तुझ्या खाचरातल्या आंबेमोहराचा भात. इतकी वर्षं मी भात खात होते आणि भाताला वास असतो हे मला त्या दिवशी कळलं.

ही नवमी तुझ्या आईची. "आई अहेव गेली," तू सांगितलंस. "आणि वडील?" मी विचारलं. तू भाताचं पातेलं झाकत म्हणालीस, "बा कामावर हाय."

मी हिशेब केला. तूच ऐंशीच्या पुढची. बायकांपैकी कुणी हसलं नाही, आणि त्या न हसण्यावरून मला कळलं की हे या घरात असंच बोललं जातं.

दुसऱ्या नवमीला मी फळीवरच्या त्या ताटाबद्दल विचारलं. बाकीची भांडी स्टीलची, आणि मधोमध ते एकटं पितळी ताट, लखलखीत घासून भिंतीला टेकवलेलं. तू ते काढून माझ्या मांडीवर दिलंस. पाठीमागे ठोकून ठोकून एक आकडा काढला होता. तुझ्या बाचा पलटणीतला नंबर. पलटणीत प्रत्येक वस्तूवर नंबर घालायची सवय लागली, म्हणून सुट्टीवर आल्यावर त्याने घरचं ताटही तांबटाकडे नेलं. ती त्याची शेवटची सुट्टी. तू पोटात होतीस. तुझा जन्म झाला तेव्हा तो बोटीवर होता. तू रांगायला लागलीस तेव्हा तो इटलीत लढाईत पडल्याचा सरकारी कागद आला आणि तो पाटलाने वाचून दाखवला.

"पाटील कागद खोटाबी वाचायचा," तू म्हणालीस. "त्यानंच आमचा बांध सरकवला हुता कागद वाचून. आई म्हनली, ह्येच्या त्वांडानं मी रांडाव हुनार न्हाई."

पेन्शनीसाठी अंगठा द्या म्हणून पुन्हा माणूस आला. तुझ्या आईने अंगठा दिला नाही. तो मेला असं लिहिलेल्या कागदाला माझा अंगठा लागायचा नाही, म्हणाली. जन्मभर दुसऱ्यांच्या खाचरात लावणी केली, पण कुंकू लावून केली. पितरांच्या पंधरवड्यात घरच्या सगळ्या गेलेल्यांचं पान छपरावर ठेवलं, त्याचं कधी ठेवलं नाही. दसऱ्याला आपट्याचं पान मात्र त्याच्या ताटात ठेवलं. आई गेल्यावर तू तसंच चालवलंस. तुझा नवरा घरजावई होऊन आला, त्यालाही पहिल्याच दिवशी सांगितलंस: त्या ताटात जेवायचं नाही, सासरा कामावर हाय.

मी तेव्हा म्हटलं, "आजी, पण खरं काय ते कळायला नको का?"

"कुनाला?"

"तुला."

"मला कवा पायजे म्हनलं मी?" तू ताट परत फळीवर ठेवलंस. "तुमची शाळा लई उकरती, बाई."

हा आपला वाद तिथे थांबला आणि मग कधी पुरा झालाच नाही. मला वाटत होतं, माणसाला खरं कळलं की मोकळं वाटतं. शाळेच्या ग्रंथालयात बसून माझं हे मत झालं होतं. मला कुणी कधी पाटलाच्या तोंडून काही वाचून दाखवलं नव्हतं.

मी ती गोष्ट वर्गात सांगितली. मराठीच्या तासाला, आणि चांगली सांगितली. पोरं इतकी गप्प झालेली मी क्वचितच पाहिली आहेत. नेमकं त्या वर्षी मोठ्या मुलांना युद्धाच्या जागा दाखवायला युरोपात न्यायचं शाळेत चाललं होतं: फ्रान्समधले खंदक, बेल्जियममधली स्मशानं, शेवटी इटली. मुलींबरोबर जायला मला सांगितलं. रेवा नावाची एक मुलगी तासानंतर आली आणि म्हणाली, "मॅम, त्या आजींचे वडील इटलीत असतील तर आपण शोधू शकतो ना?" तिच्या डोळ्यांत जे होतं ते चांगलंच होतं. हे मला तुला मुद्दाम सांगायचं आहे. मुलांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना थांबवायचं माहीत नव्हतं, आणि ज्या बाईला माहीत होतं ती मी होते.

जाण्याआधी मी चार मुलांना तुझ्याकडे आणलं. तू त्यांना करवंदं दिलीस. समोरच्या डोंगरावरचे फार्महाऊस बघत रेवाने विचारलं, "तिथे कोण राहतं?" तू म्हणालीस, "कुत्री ऱ्हात्यात. मानसं रविवारी येत्यात." पोरं हसून लोळली, त्यातल्या एकाचं तिथे फार्महाऊस होतं, तो सगळ्यात जास्त हसला. तू ताट दिलंस, रेवाने नंबराचा फोटो काढला. "ह्या आकड्यावरनं मानूस घावतं व्हय?" तू विचारलंस. "हो आजी, घावतं," ती म्हणाली, तुझाच शब्द घेऊन.

मुलं बसकडे गेल्यावर तू माझा दंड धरलास. "नाव घावलं तर मला सांगू नगंस, बाई. मानूस कामात आसंल तर त्याला हाक मारू न्हाई."

मी हो म्हटलं. आणि ते मुलांना सांगितलं नाही. कसं सांगायचं ते कळेना, असं मी स्वतःला म्हणत होते. पण खरं म्हणजे सांगितलं असतं तर रेवाचा शोध तिथेच संपला असता, आणि तो संपावा असं मला वाटत नव्हतं. पुढचं पुढे बघू, असा विचार मी केला. शिकलेल्या माणसाला पुढचं पुढे ढकलायला फार चांगली कारणं सुचतात.

प्रवासाचं तुला काही सांगायचं राहूनच गेलं. तू विचारलं नाहीस आणि माझी हिंमत झाली नाही. आता सांगते. ती स्मशानं आपल्या डोळ्यांना स्मशानं वाटत नाहीत. पांढरे दगड रांगेत, गवत एकसारखं कापलेलं, दगडापाशी गुलाब. पहिल्याच ठिकाणी फाटकाशी आमची मुलं थबकली आणि एकमेकांकडे बघायला लागली. एकाने विचारलं, "मॅम, बूट काढायचे का?" दोघातिघांनी काढले. मग सगळ्यांनीच काढले. बरोबरची गाईड बाई थोडी गोंधळली. ओल्या गवतावरून आमची पोरं मोज्यांनी चालत गेली, आणि नंतर दिवसभर बसमध्ये ओल्या मोज्यांचा वास. तुला हे आवडलं असतं. तू म्हणाली असतीस, "पोरांना कळतंय की." कळत होतं, आजी. मला तो दिवस आठवला की अजून वाटतं, ही सहल इतकीच असती तर किती बरं झालं असतं.

इटलीत आपल्या शिपायांच्या नावांची ती जागा समुद्रापासून थोडी आत, ऑलिव्हच्या झाडांच्या उतारावर होती. आपल्या माणसांना तिथे अग्नी दिला होता, म्हणून त्यांना वेगळे दगड नाहीत. एका भिंतीवर सगळ्यांची नावं एकाखाली एक कोरलेली आहेत. आपल्या गावांतली नावं, इंग्रजी अक्षरांत. मी वाचत गेले आणि मला वाटलं मी शाळेच्या पटावरची नावं वाचते आहे. तुझ्या बाचं नाव रेवाला सापडलं. तिथे ठेवलेल्या पुस्तकात तिने नंबर ताडून पाहिला आणि एक किंकाळीच फोडली. सगळी धावली. तिने नावावर बोट ठेवलं. ते नाव मी इथेही लिहीत नाही.

आणि मग मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आमच्या शाळेत कुणाला उत्तर सापडलं की टाळ्या वाजवतात. ती सवय. थोड्या अंतरावर एक म्हातारं जोडपं कुठल्याशा दगडापाशी उभं होतं. त्यांनी मान वळवून पाहिलं आणि परत फिरवली. मी मुलांना गप्प करणार, तेवढ्यात रेवाच्या हातात फोन दिसला. तिने दत्ताशी आधीच ठरवून ठेवलं होतं. मला आणि तुला, दोघींनाही चकित करायचं होतं म्हणे. व्हिडिओ कॉल लागत होता. वाजत होता. बराच वेळ वाजला, आजी. ‘ठेव तो’ एवढे दोन शब्द म्हणायला भरपूर वेळ होता.

मी म्हटले नाहीत. मला तुझा चेहरा बघायचा होता.

इतकंच कारण. दुसरं कुठलंही मी तुला देत नाही. ती बातमी ऐकताना तुझा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं. नवमी बघायला आले होते तशीच.

आणि चेहरा दिसलाच नाही. दत्ताने फोन तुझ्या हातात दिला, आणि तू तो रीतीप्रमाणे कानाला लावलास. आमच्या पडद्यावर तुझा कान आला. नुसता कान, सुरकुतलेली पाळी, तिच्यात ती जुनी कुडी. मुलं त्या कानात ओरडली, "आजी, सापडले! तुमचे बाबा सापडले!" आणि पुन्हा टाळ्या. कान हलला नाही. मागे कोंबडी ओरडत होती ती ऐकू येत होती. मग दत्ताचा आवाज, "आजे, आगं म्होरं धर, दिसत्यात ती," आणि फोन फिरला, आणि तू आमच्याकडे पाहिलंस. मी पुढे झाले नाही. मुलांच्या मागे उभी राहिले.

"जेवली का पोरं?" तू विचारलंस.

"हो आजी!"

"थंडी हाय का तितं?"

"नाही आजी, छान ऊन आहे."

"बरं हाय," म्हणालीस. मग फोन छपराकडे गेला आणि बंद झाला.

रेवाने माझ्याकडे पाहिलं. "मॅम, आजी खूश नाही झाल्या का?"

"भारावल्या असतील," मी म्हटलं. मराठीत हा शब्द फार सोयीचा आहे. त्याच्याखाली काहीही झाकता येतं.

आम्ही परत येईपर्यंत भिंतीवरच्या नावाचा फोटो आमच्या आधी मुळशीत पोचला होता. शाळेने टाकला, कुणी पुढे पाठवला. गावात फ्लेक्स लागला. एसटीच्या थांब्याशी, तुझ्या बाच्या नावाचा, त्याचा फोटो नव्हता म्हणून रायफलीचं चित्र घालून, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि दहा कार्यकर्त्यांचे चेहरे. तुला बोलावून शाल-नारळ दिला. मी त्या दिवशी आले नाही. ताप आहे, असं कळवलं. ताप नव्हता.

जूनमध्ये आले तेव्हा तो फ्लेक्स तुझ्या परसात होता. दत्ताकडून काढवून तू तो सरपणावर घातला होतास, अक्षरं खाली करून. "पाऊस आडवतंय, बरं हाय," म्हणालीस. "त्या पोरांच्या पोटाखाली लाकडं कोरडी ऱ्हात्यात." मी हसले. त्या दिवशी मी माफी मागायला आले होते. तू भारंगीची भाजी बांधून दिलीस, कशी करायची ते दोनदा सांगितलंस, पाणी टाकून द्यायचं हे तिसऱ्यांदा बसपर्यंत येऊन सांगितलंस. माफीचं राहिलं.

मग भाद्रपद आला. मी रोज वाट बघत होते. बोलावणं येणार नाही असं मी धरून चालले होते. तुझ्या बाचं नाव भिंतीवर आहे, म्हणजे तुझी आई अहेव गेली नाही, म्हणजे नवमी नाही. हे मी कागदावर मांडल्यासारखं मनात मांडून ठेवलं होतं. आणि हे मोडलं ते आम्ही. पण आदल्या दिवशी दत्ता म्हणाला, "बाई, उद्या या. आजी म्हनली, घड्याळ काडून या."

तू तशीच बांगड्या घेऊन बसली होतीस. मी म्हटलं, "आजी, त्या दिवशी मुलांनी जे…" तू मला पुढे बोलूच दिलं नाहीस.

"भांड्यावर नाव कशापायी घालत्यात गं?"

"हरवू नये म्हणून."

"मंग? लगीनकार्यात शंभर घरची भांडी येकात येक हुत्यात. नाव घातल्यालं आसंल तर फिरून आपल्या घरला येतं. सरकारनं बाचं नाव घातलं, बरं केलं. तितं लई मानसं झाली आसतील."

तू इतकी सरळ बोललीस की माझ्या छातीवरचा दगडच उतरला. म्हणजे काही मोडलं नव्हतं! भिंतीवरचं नावही तू आपल्या घरात बसवून घेतलं होतंस. मग तू फळीवरून ते पितळी ताट काढलंस, पदराने पुसलंस आणि माझ्या पुढ्यात मांडलंस.

"ह्यात?" मी म्हटलं.

"औंदा ह्यातच जेव. ठिवून ठिवून काळं पडतंय."

मला मान वाटला, आजी. आजवर ज्या ताटात कुणी जेवलं नाही, तुझा नवरासुद्धा नाही, त्यात तू मला वाढलंस. मी पोटभर जेवले. खीर दोनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत भांड्यावरच्या नावाची गोष्ट सगळ्यांना सांगितली. सगळ्यांना फार आवडली. एकजण म्हणाले, अशी माणसं आता राहिली नाहीत. मीही मान हलवली.

हिवाळ्यात तू आजारी पडलीस तेव्हा दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा तू झोपेतच होतीस. पाय दाबावेत असं वाटलं, पण मंगलसमोर कसंसं झालं, म्हणून नुसती पांघरूण नीट करून निघाले. तेही राहिलं.

आता मंगलने परवा जे सांगितलं ते.

चुलीपाशी ती ताटांची चळत पुसत होती. म्हणाली, "बाई, येक सांगायचं हाय. आजींनी नगं सांगू म्हनल्या हुत्या, पर आता त्या न्हाईत. त्या दिशी तुमचा तिकडनं फोन आला ना? फोन ठिवला आन आजी मागल्या दारी गेल्या. डोक्यावरनं पानी घेतलं. लुगड्यासकट. मी म्हनलं, काय झालं? तर म्हनल्या, उकडतंय."

माणूस गेल्याची बातमी उशिरा कानावर आली तर अशी अंघोळ करतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं.

"मंग मला म्हनल्या, बाईला सांगू नगंस. मनाला लावून घील."

म्हणजे त्या दुपारी, आम्ही तिकडे उन्हात टाळ्या वाजवत असताना, तू एकटीने मागच्या दारी तुझ्या बाचं सुतक फेडलंस. ऐंशी वर्षं दोन बायकांनी दाराशी अडवून ठेवलेली बातमी आम्ही तुझ्या कानात ओरडून सांगितली, आणि तू आधी मुलं जेवली का ते विचारलंस, मग थंडीचं विचारलंस, आणि मग उठलीस. भाद्रपदात भांड्यावरच्या नावाचं जे बोललीस ते माझ्यासाठी होतं. मी रात्री नीट झोपावं म्हणून. आणि ते ताट! मला मान वाटला होता. आजी, ताट फळीवर ठेवायचं ते त्याचा धनी यायचा असतो म्हणून. तो आता येणार नाही हे कळल्यावर तू ते वापरात काढलंस, इतकंच. मला तू ते सांगितलं नाहीस, वाढलंस. आणि मी त्यात दोनदा खीर मागून घेतली.

तू रागावली असतीस तर मला काही करता आलं असतं. रडले असते, पाया पडले असते. तू मला मनगट धरून बांगड्या घातल्यास. त्या अजून माझ्या कपाटात आहेत, दोन फुटल्या. घड्याळाच्या हातात मी त्या शाळेत कधी घातल्या नाहीत, हेही आता लिहूनच टाकते.

भारंगीचं पाणी टाकून द्यायचं, हे मी विसरणार नाही. भाताला वास असतो, हे विसरणार नाही. ऋण म्हणावं तर फार जड शब्द होतो आणि तू हसशील. पण लातूर सोडून इतकी वर्षं या बाजूला राहते आहे. माझे हात उलटेपालटे करून बघणारं माणूस मला तुझ्या घरात मिळालं.

मंगल थांबली नव्हती. ताटं पुसता पुसता तिने विचारलं, "आता भादव्यात काय करायचं, बाई? दत्ता म्हनतो, तुमाला इचारावं, तुमी सोता नाव बघून आलाय. आजींचं पान ठिवू, त्ये तर झालंच. पर त्यांच्या बाचं? त्येंचंबी ठिवायचं का छपरावर? आन पनजीची नवमी, ती करायची का सोडायची? खरं काय त्ये तुमीच सांगा."

खरं काय ते. तेच मी तुला एकदा विचारलं होतं आणि तू विचारलं होतंस, कुनाला?

मंगलच्या हातात त्या वेळी नेमकं ते पितळी ताट होतं. तुझ्या तेराव्याला कुणीतरी पाहुणा त्यात जेवून गेला होता. कडेला भाताचं एक शीत चिकटलेलं होतं.

"ते कामावर आहेत," मी म्हटलं. "त्यांचं पान ठेवू नका. नवमी करा. मी येईन."

हे मला त्या भिंतीपाशी, फोन वाजत होता तेव्हा म्हणायचं होतं. तिथे म्हटलं असतं तर ते तुझ्या कामी आलं असतं. परवा ते कुणाच्या कामी आलं मला माहीत नाही. तू अंघोळ केलीस, ती मला कुणी परत घेऊ देणार नाही. पण तुझी आई कुंकू लावून गेली, आणि तिचं ते कुंकू निदान माझ्या तोंडाने तरी पुसायचं नाही, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

मंगलने माझ्याकडे पाहिलं. मग ताटाकडे पाहिलं.

"मंग तुमाला कशात वाढायचं?"

"पत्रावळीवर," मी म्हटलं. "ते ताट घास आणि फळीवर ठेव."

डबा काढून तिने चिंच भिजत घातली.